हवाई तळाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ : क्रमवार कृती

लष्कर हवाई तळ सोडून जाते तेव्हा मागे लांबलचक धावपट्टी राहते. ती पाहिली की सगळ्यांनाच वाटू लागते, आता एक इमारत बांधली की विमाने सुरू. हा समज फार महागात पडतो. लष्कर धावपट्टी ठेवून जाते, विमानतळ ठेवून जात नाही. मधले काम ठरलेल्या क्रमाने करावे लागते, आणि क्रम चुकला की पैसा आणि वर्षे दोन्ही वाया जातात.

हा क्रम नीट पाळलेले उदाहरण अमेरिकेत आहे. टेक्सासची राजधानी ऑस्टिन इथला बर्गस्ट्रॉम हवाई तळ ३० सप्टेंबर १९९३ रोजी बंद झाला आणि २३ मे १९९९ रोजी त्याच जागी ऑस्टिन-बर्गस्ट्रॉम आंतरराष्ट्रीय विमानतळाचे प्रवासी टर्मिनल उघडले. पावणेसहा वर्षांत झालेले हे काम पुढच्या कृतीचा कणा आहे. जिथे क्रम मोडला तिथली उदाहरणेही सोबत दिली आहेत, कारण शिकायला त्यांचाही तेवढाच उपयोग होतो.

एक खुलासा आधीच करायला हवा. पुण्याच्या लोहगावला धावपट्टी हवाई दलाची आणि टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचे. गोव्यात दाबोळीला हेच नाते नौदलाशी. या व्यवस्थेला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. तिथे लष्कर यजमान असते आणि प्रवासी विमाने पाहुणी. खालची कृती मुख्यतः तळ पूर्ण रिकामा होणार असेल तेव्हाची आहे.

हाताशी काय हवे

– जमिनीचे मूळ दस्तऐवज आणि मोजणी नकाशे
– धावपट्टीचे बांधकाम नकाशे आणि दुरुस्तीच्या नोंदी
– तळावर इतक्या वर्षांत काय सांडले, काय पुरले, काय जाळले याची माहिती. कागद अपुरे असतील तर तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांचे जबाब
– सगळ्याला जबाबदार असलेली एकच मालक संस्था
– कर्ज कशातून फिटणार याचा हिशेब
– शहरात आधीचा विमानतळ असेल तर त्याचे काय करायचे याचा लेखी निर्णय

१. आधी कागद बघा

पहिले काम अभिलेख कक्षातले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ऑस्टिन शहराने जमीन खरेदी करून केंद्र सरकारला हवाई तळासाठी दिली. अट एकच घातली : लष्कराची गरज संपली की जमीन शहराला परत. १९९१ मध्ये लष्करी तळ बंद करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने बर्गस्ट्रॉमचे नाव यादीत घातले तेव्हा ही अट कामी आली. जमीन कोणाकडे जाणार, या प्रश्नावर वर्षे घालवावी लागली नाहीत.

आपल्याकडे हे काम करताना सातबारा, भूसंपादनाचा निवाडा, ताबापावती आणि मोजणी नकाशा हे चारही कागद शेजारी ठेवून वाचावेत. कुंपण जिथे आहे तिथेच हद्द असेल असे धरून चालू नये. हद्द कायम मोजणी करून घ्यावी. मोबदल्याचे जुने दावे प्रलंबित असतील तर त्यांची यादी करावी. निविदा निघाल्यावर दावा समोर आला तर कंत्राटदार थांबतो, पण कर्जावरचे व्याज थांबत नाही.

२. लोकांची संमती आणि पैशाचा प्रश्न एकत्र मांडा

१९८७ मध्ये ऑस्टिनच्या मतदारांनी शहराच्या ईशान्येला, मॅनोर गावाजवळ नवा विमानतळ बांधायला कौल दिला होता. तळ रिकामा होणार हे कळल्यावर शहराने तो बेत बाजूला ठेवला, आणि जुना कौल नव्या जागेला लागू आहे असे न मानता मतदारांना पुन्हा विचारले. १ मे १९९३ च्या मतदानात ४० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना ६३ टक्के मते मिळाली. हे रोखे विमानतळाच्याच उत्पन्नातून फेडायचे होते. घरपट्टी वाढणार नाही, हे मतदाराला मत देतानाच माहीत होते.

कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीतला एल टोरो हा मरीन कोअरचा तळही बंद व्हायचा होता. १९९४ मध्ये मतदारांनी थोडक्या फरकाने विमानतळाच्या बाजूने कौल दिला. आजूबाजूच्या वस्त्यांचा आवाजाला विरोध होता आणि तो मिटवला गेला नाही. तळ १९९९ मध्ये बंद झाला, मार्च २००२ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि विमानतळाऐवजी उद्यानाचा पर्याय जिंकला. भल्यामोठ्या धावपट्ट्या हाताशी असूनही विमानतळ झाला नाही.

आपल्याकडे असे सार्वमत घेत नाहीत, पण पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होते. ती उरकण्याची बाब समजू नये. विमाने कोणत्या गावांवरून, दिवसातून किती वेळा आणि रात्री किती वाजेपर्यंत जातील याचा नकाशा मराठीत छापून सुनावणीच्या आधी ग्रामपंचायतींत लावावा.

३. ताबा टप्प्याटप्प्याने, तारखांसह घ्या

तळ एका दिवसात रिकामा होत नाही. बर्गस्ट्रॉम १९९३ मध्ये बंद झाल्यावरही राखीव दलाची एक तुकडी १९९६ पर्यंत तिथे होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये नव्या कामाची कुदळ पडली, म्हणजे काही काळ लष्कर आणि कंत्राटदार एकाच आवारात होते.

यासाठी एक तक्ता करावा. उभ्या रकान्यात तळाचे भाग : धावपट्टी, इंधन साठा, दारूगोळ्याची कोठारे, वसाहत, पाणीपुरवठा, वीज उपकेंद्र. आडव्या रकान्यात ताब्याची तारीख, वीजबिल कोण भरणार, पहारा कोणाचा, आग लागली तर बंब कोणाचा. लष्कराचा शेवटचा पहारेकरी जाईल त्याच दिवशी आपला पहारेकरी उभा राहिला पाहिजे. रिकाम्या आवारातून केबल, पंप आणि नळ नाहीसे व्हायला वेळ लागत नाही.

४. जमीन तपासा, आणि साफ कोण करणार ते लिहून घ्या

हवाई तळाची जमीन वरून स्वच्छ दिसते. खाली जमिनीतल्या टाक्यांतून आणि नळांतून झिरपलेले विमान-इंधन असते. इंजिनाचे भाग धुतलेले द्रावक असतात. त्यांतले ट्रायक्लोरोइथिलीन भूजलात उतरले की वर्षानुवर्षे टिकते. आग विझवण्याच्या सरावासाठी वापरलेल्या फेसातली पीएफएएस रसायने असतात, ती निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाहीत. जुन्या इमारतींत अॅस्बेस्टॉस आणि शिसेयुक्त रंग, चांदमारीच्या जागी न फुटलेला दारूगोळा.

तपासणी सहा ठिकाणांपासून सुरू करावी : इंधनाच्या टाक्या आणि नळमार्ग, इंजिन धुण्याची जागा, अग्निशमन सरावाचा खड्डा, कचरा पुरण्याची जागा, चांदमारी आणि आवारातल्या सर्व विहिरी व बोअरवेल. प्रत्येक जागी माती आणि पाणी दोन्हीचे नमुने घ्यावेत. अहवाल येईपर्यंत तिथल्या विहिरीचे पाणी मजुरांनाही पिऊ देऊ नये.

ही खबरदारी किती गरजेची आहे ते फिलिपिन्समधल्या क्लार्क तळावर दिसले. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन हवाई दलाने तळ सोडला. उद्रेकात बेघर झालेल्या कुटुंबांना तळाच्या आवारात आसरा मिळाला. ती तिथल्या विहिरींचे पाणी पीत राहिली आणि पुढे ते भूजल दूषित असल्याचे आढळले. १९४७ च्या तळ-करारात साफसफाईचे बंधन अमेरिकेवर घातलेलेच नव्हते. क्लार्क आज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, पण ती किंमत सगळ्यांत गरीब माणसांनी मोजली. म्हणून ताबापत्रातच लिहून घ्यावे : आधीच्या वापरामुळे झालेले प्रदूषण उद्या सापडले तरी साफ करण्याचा खर्च आधीच्या वापरकर्त्याचा.

खोदकामात इतिहासही सापडतो. मेक्सिको सिटीच्या उत्तरेला सांता लुसिया या हवाई दलाच्या तळावर नवा विमानतळ बांधताना शेकडो मॅमथांचे अवशेष निघाले. तिथे पूर्वी तळ्याचा काठ होता. पुरातत्त्वज्ञ बांधकामाबरोबरच काम करत राहिले आणि ते अवशेष मांडायला आवारातच संग्रहालय झाले. वेळापत्रकात अशा कामासाठी पहिल्यापासून जागा ठेवावी.

५. आकाश मोजा

धावपट्टी जमिनीवर असते, विमानतळ मात्र आकाशातही असतो. लढाऊ विमान तीव्र कोनात उतरू शकते, तळाभोवती लहान घिरट्या घालू शकते. प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावर सरळ येते. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली. धावपट्टीपासून १० किलोमीटरवर ते जेमतेम ५२० मीटर उंचीवर असते. या सरळ रेषेखाली टेकडी, मनोरा, उच्चदाबाची वाहिनी किंवा कचरा डेपोवर घिरट्या घालणाऱ्या घारी असतील, तर अडथळा ठरतो.

शेजारचा विमानतळ हा आणखी मोठा प्रश्न. सांता लुसियाच्या बाबतीत मेक्सिको सिटीचा जुना विमानतळ त्याच डोंगरवेढ्या खोऱ्यात आहे आणि तो चालूच राहणार होता. दोन्हींची विमाने एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून २०२१ मध्ये सगळे हवाई मार्ग बदलले, आणि ज्या वस्त्यांवर आवाज नव्हता त्यांच्यावर तो आला. तक्रारी झाल्या. हे मार्ग टर्मिनलचा पाया खणण्यापूर्वी आखून, लोकांसमोर ठेवून ठरवायचे असतात.

६. धावपट्टी आहे तशी वापरता येते का ते बघा

लांबी हा पहिला प्रश्न, एकमेव नव्हे. बर्गस्ट्रॉमला १२,२५० फुटांची, म्हणजे सुमारे ३,७३४ मीटरची धावपट्टी आयती मिळाली. एके काळी तिथे बी-५२ बॉम्बर असत, त्यामुळे लांबी आणि जाडी दोन्ही भरपूर. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना पूर्ण भार घेऊन उडताना तेवढी अपुरी पडते. सगळ्या लष्करी धावपट्ट्या लांबच असतात असे नाही.

पुढची तपासणी या क्रमाने करावी :

– भार : फरसबंदीचे गाभे काढून थरांची जाडी आणि मजबुती मोजावी आणि तिची भारक्षमता सांगणारा पीसीआर अंक ठरवावा. विमानाचा फरसबंदीवरचा भार सांगणारा एसीआर अंक त्याहून जास्त नसावा. लढाऊ विमानाचे वजन कमी पण चाकातला दाब जास्त. मोठ्या प्रवासी विमानाचा भार अनेक चाकांवर वाटलेला आणि रोज कित्येक वेळा येणारा. दोन्हींचा फरसबंदीवरचा परिणाम वेगळा.
– अडथळा-तार : लढाऊ विमानांच्या तळांवर धावपट्टीवर आडवी पोलादी तार बसवलेली असते. रबरी चकत्यांवर ती जमिनीपासून काही इंच उचललेली असते, म्हणजे विमानाच्या शेपटीखालचा आकडा तिच्यात अडकतो आणि विमान थांबते. प्रवासी विमानांसाठी ती काढावी, दोन्ही बाजूंची यंत्रेही उचलावीत आणि खाचा बुजवाव्यात.
– मोकळी पट्टी : मोठ्या विमानांच्या, उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याच्या धावपट्टीला मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर सपाट, अडथळामुक्त जमीन लागते. लष्कराच्या निवारा-शेड आणि मातीचे बांध बरेचदा याच पट्ट्यात येतात.
– टोकांची सुरक्षा : धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे विमान घसरले तर सावरायला जागा हवी, किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची.
– अग्निशमन : बंब धावपट्टीच्या कोणत्याही भागापर्यंत तीन मिनिटांत पोचला पाहिजे. जुने अग्निशमन केंद्र एका टोकाला असेल तर नवे बांधावे.

ऑस्टिनने जुनी धावपट्टी ठेवली आणि पूर्वेला तिच्याशी समांतर ९,००० फुटांची दुसरी बांधली. दोन्हींत इतके अंतर ठेवले की ढगाळ हवेतही दोन्हींवर एकाच वेळी, स्वतंत्रपणे विमाने उतरू शकतात. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार यासाठी किमान १,०३५ मीटर लागतात. ऑस्टिनने त्याहून बरेच जास्त ठेवले आणि टर्मिनल मधोमध बसवले. तळाची जुनी मांडणी तशीच ठेवण्याचा मोह टाळला, हा त्या आराखड्यातला सगळ्यात शहाणा निर्णय.

७. काय पाडायचे, काय ठेवायचे

प्रत्येक इमारतीपुढे तीनपैकी एक शब्द लिहावा : पाडा, वापरा, सोडून द्या. हँगर पाहून हुरळू नये. बर्गस्ट्रॉमला असणाऱ्या आरएफ-४सी विमानाचा पंखविस्तार ११.७ मीटर होता. ए३२० या प्रवासी विमानाचा जवळजवळ ३६ मीटर. लढाऊ विमानाच्या हँगरच्या दारातून प्रवासी विमान आत जात नाही. दारूगोळ्याची मातीखालची कोठारे पाडायला खर्च येतो. ती वाटेत नसतील तर तशीच राहू द्यावीत.

वापरता येईल ते मात्र मनापासून वापरावे. बर्गस्ट्रॉमला बाराव्या वायुसेनेच्या मुख्यालयाची गोल इमारत होती, मधोमध मोकळा चौक असलेली. आकारामुळे सगळे तिला 'डोनट' म्हणत. ती पाडली नाही. तिचे हॉटेल केले, चौकावर छत घातले, आणि जिथे लष्करी अधिकारी बसत तिथे आता प्रवासी उतरतात. तळाची ओळख जपली गेली आणि विमानतळाला हॉटेलही मिळाले.

८. रस्ता आणि रेल्वे उद्घाटनाआधी

बर्गस्ट्रॉम ऑस्टिनच्या मध्यभागापासून दहा किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि राज्य महामार्ग ७१ त्याच्या दारातून जातो. सांता लुसियाचा विमानतळ मेक्सिको सिटीच्या मध्यापासून चाळीस किलोमीटरहून दूर. २१ मार्च २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा उपनगरी रेल्वे तिथवर पोचलेली नव्हती. टर्मिनल देखणे होते, पण तिथे जायचे कसे हा प्रवाशाचा पहिला प्रश्न अनुत्तरित राहिला आणि सुरुवातीला मोजकीच उड्डाणे मिळाली. लष्करी तळाला शहरापासून लांब असणे सोयीचे असते, प्रवाशाला गैरसोयीचे. रस्त्याचे आणि रेल्वेचे कंत्राट टर्मिनलच्या कंत्राटाबरोबरच द्यावे.

९. 'आंतरराष्ट्रीय' हा दर्जा स्वतंत्रपणे मिळवावा लागतो

धावपट्टीचा परवाना वेगळा आणि परदेशी विमाने घेण्याची परवानगी वेगळी. आपल्याकडे विमानतळाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यानंतर कस्टम्स कायद्याखाली अधिसूचना, इमिग्रेशनची चौकी, आरोग्य तपासणी, वनस्पती आणि प्राणी यांच्या विलगीकरणाची सोय असे चार दरवाजे पार करावे लागतात. येणारे आणि जाणारे परदेशी प्रवासी कुठेही एकमेकांत मिसळणार नाहीत अशी वाट टर्मिनलच्या मूळ आराखड्यातच काढावी. नंतर भिंती फोडून ती काढणे फार खर्चाचे.

आणि पाटी लावल्याने विमाने येत नाहीत. ऑस्टिनच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' १९९९ पासून होते, पण लंडनचे थेट विमान मार्च २०१४ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात शहराने उद्योग वाढवले, प्रवासी वाढवले. विमान कंपनीला मागणीचे आकडे दाखवावे लागतात.

१०. आधी माल, मग माणसे

ऑस्टिनने ३० जून १९९७ रोजी बर्गस्ट्रॉमवरून मालवाहतूक सुरू केली. प्रवासी जवळजवळ दोन वर्षांनी आले. या दोन वर्षांत धावपट्टीचे दिवे, नियंत्रण कक्ष, इंधन पुरवठा आणि अग्निशमन दल खऱ्या विमानांवर घासूनपुसून तयार झाले. खोक्याला उशीर झाला तर निभावते. चारशे प्रवाशांना झाला तर निभावत नाही.

टर्मिनल तयार झाल्यावर स्वयंसेवक बोलवून पूर्ण तालीम करावी : खोट्या तिकिटांवर चेक-इन, भरलेल्या बॅगा पट्ट्यावर, व्हीलचेअरवरचे प्रवासी, वीज गेल्याचा प्रसंग. डेन्व्हरच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन मुख्यतः सामान हलवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेमुळे लांबत लांबत फेब्रुवारी १९९५ पर्यंत गेले. बॅगेचा पट्टा शेवटी बघू, असे कधीही म्हणू नये.

११. एका रात्रीत स्थलांतर

२२ मे १९९९ रोजी ऑस्टिनचा जुना रॉबर्ट म्युलर विमानतळ प्रवासी विमानांसाठी बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी बर्गस्ट्रॉम उघडला. जुन्या विमानतळाचा एयूएस हा कोड नव्या जागेला दिला गेला. म्हणजे तिकिटावर, सामानाच्या चिठ्ठीवर, आरक्षणाच्या संगणकात शहराची खूण तीच राहिली.

स्थलांतराचा तक्ता तासांचा नव्हे, मिनिटांचा असावा. शेवटचे विमान उतरल्यापासून पहिले विमान उडेपर्यंत प्रत्येक जिना, ट्रॅक्टर, बंब आणि संगणक कोणत्या वाहनातून, कोणत्या रस्त्याने जाईल हे लिहावे. टॅक्सीचालकांना आणि बसच्या वाहकांना महिनाभर आधी सांगावे, कारण चुकून जुन्या विमानतळावर गेलेल्या प्रवाशाला नव्या जागी तेच पोचवणार असतात.

१२. जुन्या विमानतळाचा निर्णय पाळा

म्युलर विमानतळ बंद करायचा हे ठरले होते आणि तो बंद केला. त्या सुमारे सातशे एकरांवर आज घरे, दुकाने आणि बागा असलेली वस्ती आहे. जुना नियंत्रण मनोरा अजून उभा आहे. मेक्सिको सिटीत जुना विमानतळ चालू राहिला, विमान कंपन्यांना तिथून हलायचे कारण नव्हते, आणि शेवटी २०२३ मध्ये सरकारला हुकूम काढून मालवाहू विमाने नव्या जागी पाठवावी लागली. दोन्ही चालवायचे असतील तर कोणती विमाने कुठे, याची वाटणी पहिल्या दिवशीच जाहीर करावी.

१३. कुंपणाबाहेरची जमीन राखा

विमानतळ उघडला की भोवतीच्या जमिनीचे भाव चढतात आणि इमारती धावपट्टीच्या टोकांकडे सरकू लागतात. त्यामुळे उंचीची मर्यादा, आवाजाचे पट्टे आणि घरे-शाळांना मनाई असलेले क्षेत्र हे सगळे शहराच्या विकास आराखड्यात उद्घाटनापूर्वीच उमटले पाहिजे. गोदामे आणि कारखाने आवाजाच्या पट्ट्यात चालतात. शाळा आणि रुग्णालये चालत नाहीत.

आतली जमीनही विकून टाकू नये. ऑस्टिनच्या टर्मिनलला १९९९ मध्ये २५ गेट होते. २०२२ मध्ये तिथून वर्षाला दोन कोटींहून अधिक प्रवासी गेले-आले आणि विस्तार अटळ झाला. तो शक्य झाला कारण दोन धावपट्ट्यांच्या मध्ये जागा मोकळी होती. म्हणून तळ ताब्यात येईल त्या वर्षीच पुढच्या पन्नास वर्षांची जागा नकाशावर आखावी, तिच्यावर 'राखीव' असा शिक्का मारावा, आणि तो उठवण्याचा अधिकार कोणा एका अधिकाऱ्याकडे ठेवू नये.